स्मृती संपली, दार मिटले : संगणकाच्या अपुऱ्या जागेचा इतिहास

१/
तीन कोटी पस्तीस लाख चोपन्न हजार चारशे बत्तीस. सुमारे पंधरा-सतरा वर्षांपूर्वी स्वतःचा ब्लॉग चालवणाऱ्या असंख्य लेखकांनी हा आकडा कधी ना कधी पडद्यावर पाहिला. ३३५५४४३२ बाइट एवढी अनुमत स्मृती संपली, असे सांगणारी एक इंग्रजी ओळ. कित्येकदा तीही नाही, नुसता कोरा पांढरा पडदा. लेख आत, छायाचित्रे आत, वाचकांच्या प्रतिक्रिया आत. आणि ज्या व्यवस्थापन-कक्षातून दुरुस्ती करायची, त्याचेही दार बंद. मालक स्वतःच्याच घराबाहेर उभा. हा दोष वरवर किरकोळ दिसतो, पण त्याची वंशावळ चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागापर्यंत जाते. हा धागा त्या वंशावळीचा.

२/
प्रथम तो आकडा. ३२ × १०२४ × १०२४ हा गुणाकार केला की ३३५५४४३२ मिळतात. म्हणजे बरोबर ३२ मेगाबाइट. येथे ‘स्मृती’ म्हणजे लेख साठवण्याची जागा नव्हे. घरात धान्याची कोठी वेगळी असते आणि स्वयंपाकाचा ओटा वेगळा. कोठीत वर्षाचे धान्य राहते. ओट्यावर मात्र त्या वेळच्या स्वयंपाकाला लागेल तेवढेच मावते. संगणकाची कार्यस्मृती हा ओटा होय. कोठी अर्धी रिकामी असली, तरी ओट्यावर परात ठेवायला जागा नसेल तर स्वयंपाक अडतो. स्मृती संपल्याची तक्रार ही नेहमी ओट्याची तक्रार असते. हा भेद न कळल्यामुळे अनेकांनी जुने लेख आणि छायाचित्रे पुसून टाकली, आणि दोष होता तसाच राहिला.

३/
ओटा प्रारंभी किती लहान होता? २१ जून १९४८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांच्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथमच चालवून दाखवली. ‘बेबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या यंत्राची स्मृती ३२ शब्दांची होती, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. एकूण १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या काचनळीवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून ही स्मृती राखली जाई. ठिपके क्षणार्धात विरत, म्हणून ते सतत वाचून पुन्हा उमटवावे लागत. किलबर्न यांची पहिली आज्ञावली अवघ्या १७ आज्ञांची होती, आणि ती ५२ मिनिटे चालली.

४/
१९५३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या व्हर्लविंड संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती बसवण्यात आली. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एका दिशेने किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित होई, आणि वीज गेली तरी आपली दिशा विसरत नसे. पुढील सुमारे दोन दशके हीच ‘कोअर’ स्मृती जगावर राज्य करत होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या भारतीय बनावटीच्या संगणकातही ती होती : ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. कड्या केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण शब्द टिकला. आजही कोलमडलेल्या आज्ञावलीच्या स्मृतीची जी नक्कल तपासासाठी काढतात, तिला ‘कोअर डंप’ म्हणतात.

५/
मराठी वाचकासाठी येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘स्वराज्य’ या शब्दात अशी आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर आठ बाइटांत मावतो. मँचेस्टरच्या ‘बेबी’च्या संपूर्ण स्मृतीत देवनागरीची फक्त ४२ चिन्हे बसली असती, एखादे लहानसे वाक्य. तरीही आजच्या लेखकाचे दार मजकुरामुळे बंद होत नाही. त्याला कारण वेगळे असते. ते पुढे येईल.

६/
स्मृती कितीही वाढवली तरी तिला कोठेतरी काठ असतोच. म्हणून संगणकाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न असा : काठापर्यंत भरले की यंत्राने काय करावे? तीन उत्तरे संभवतात. सर्व काम तेथेच थांबवावे. किंवा कमी महत्त्वाचे काम टाकून देऊन महत्त्वाचे चालू ठेवावे. किंवा ज्या ओझ्यामुळे स्मृती भरली, ते ओझे बाहेर ठेवून नव्याने उठावे. पहिले उत्तर सोपे असते आणि मालकाला बाहेर कोंडते. दुसऱ्या उत्तराने १९६९ मध्ये दोन माणसांना सुखरूप चंद्रावर उतरवले. तिसऱ्याने २००४ मध्ये मंगळावरचे एक यंत्र परत मिळवून दिले.

७/
२० जुलै १९६९. अपोलो ११ चे चांद्रयान नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन उतरत होते. भारतात तेव्हा २१ जुलैची मध्यरात्र उलटून गेली होती. चंद्रपृष्ठ सुमारे दहा किलोमीटर खाली असताना यानातील संगणकाने धोक्याची खूण दाखवली : १२०२. त्या संगणकाची बदलती स्मृती २०४८ शब्दांची होती, म्हणजे शब्दांची संख्या टिफ्रॅकएवढीच. शब्द मात्र आखूड, १५ बिट माहितीचे आणि एक बिट पडताळणीचा. १२०२ या खुणेचा अर्थ होता : नवे काम मांडायला स्मृतीत मोकळा कप्पा उरलेला नाही. आर्मस्ट्राँग यांनी तत्काळ ह्यूस्टनकडे या खुणेचा अर्थ विचारला.

८/
अर्थ सांगू शकणारी माणसे तयार होती, याला कारण एक फसलेला सराव. उड्डाणाच्या काही दिवस आधी ह्यूस्टनमध्ये झालेल्या सरावात प्रशिक्षकांनी अशीच एक खूण मुद्दाम दाखवली. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी अवतरण रद्द करण्याचा निर्णय दिला, आणि तो चुकीचा ठरला. त्यानंतर उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी अशा सर्व खुणांचा अभ्यास करण्याचा आदेश दिला. जॅक गारमन या २४ वर्षांच्या अभियंत्याने प्रत्येक खूण आणि तिच्यावरची कृती यांची हस्तलिखित यादी करून आपल्या टेबलावर काचेखाली ठेवली. प्रत्यक्ष दिवशी गारमन यांनी यादी पाहिली, २६ वर्षांच्या बेल्स यांनी होकार दिला, आणि अवतरण चालू राहिले. दोष ओळखण्याचे काम दोष येण्यापूर्वीच झाले होते.

९/
दोषाचे मूळ स्मृतीत नव्हते, हे विशेष. परतीच्या वेळी मातृयान शोधण्यासाठी असलेले रडार अवतरणाच्या वेळीही चालू होते. दोन वीजपुरवठ्यांच्या कलांमधील विसंगतीमुळे ते संगणकाला निरर्थक स्पंद पाठवत राहिले, आणि ते मोजण्यातच संगणकाचा सुमारे १५ टक्के वेळ जाऊ लागला. दर दोन सेकंदांनी मार्गदर्शनाचे नवे आवर्तन सुरू होई. मागील आवर्तन अपुरे असतानाच पुढचे येऊन उभे राही, आणि प्रत्येकाला स्मृतीचा कप्पा लागे. कप्पे संपले. पंगतीत पहिले जेवणारे उठले नाहीत आणि पुढची पंगत आत सोडली, तर पाट कमी पडणारच. चोरी वेळेची झाली होती. बोभाटा मात्र स्मृतीचा झाला.

१०/
यावर यंत्राने काय केले? एमआयटीच्या हॅल लेनिंग यांनी या संगणकाची कार्यव्यवस्था रचताना प्रत्येक कामाला अग्रक्रम दिला होता. आणि मार्गरेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील गटाच्या आज्ञावलीत पुनरारंभाची तजवीज होती. स्मृती भरताच संगणकाने सर्व कामे झटकून टाकली आणि क्षणार्धात फक्त अत्यावश्यक कामे, ती जेथे थांबली होती तेथून, पुन्हा हाती घेतली. यानाचा तोल आणि इंजिन यांवरचा ताबा सुटला नाही. ऑल्ड्रिन यांच्या लक्षात आले की ठरावीक आकडे पडद्यावर मागवले की खूण येते. ते आकडे पाहण्याचे काम ह्यूस्टनने स्वतःकडे घेतले. ओझे कमी झाले. १२०२ आणि तिची भावंड असलेली १२०१, मिळून पाच वेळा खूण आली, आणि तरीही यान उतरले.

११/
आता मंगळ. ४ जानेवारी २००४ रोजी नासाचा स्पिरिट हा रोव्हर मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरला. २१ जानेवारीला, म्हणजे त्याच्या अठराव्या मंगळ-दिवशी, त्याने नेहमीसारखे बोलणे बंद केले. कधी नुसता सूर येई, कधी निरर्थक माहिती, कधी काहीच नाही. दोन दिवसांनी जी थोडी माहिती हाती लागली, तिच्यावरून भयंकर चित्र दिसले. रोव्हर पुनःपुन्हा बंद होऊन चालू होत होता. असे साठाहून अधिक वेळा घडले होते. रात्री त्याने झोपावे, वीज राखावी, अशी योजना होती. तो झोपतच नव्हता. बॅटरी उतरत होती. आणि कॅलिफोर्नियातील जेपीएल प्रयोगशाळेतून दिलेली आज्ञा तेथे पोहोचायला सुमारे दहा मिनिटे लागत होती.

१२/
स्पिरिटजवळ १२८ मेगाबाइटची कार्यस्मृती होती आणि २५६ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती. म्हणजे ओटा आणि कोठी. पृथ्वीपासून सात महिन्यांच्या प्रवासात आणि उतरल्यानंतर कोठीत फाइलींचा ढीग साचला होता. रोव्हर जागा होताना कोठीतील सर्व फाइलींची सूची ओट्यावर मांडून घेई. फाइली पुसल्या तरी सूचीतील त्यांची जागा मोकळी होत नसे, त्यामुळे सूची फुगत गेली. एके दिवशी ती ओट्यावर मावेना. स्मृती संपली, संरक्षक व्यवस्थेने नियमाप्रमाणे यंत्र पुन्हा चालू केले, यंत्राने उठताच पुन्हा तीच सूची मांडायला घेतली, स्मृती पुन्हा संपली. बरे करण्यासाठी योजलेला उपायच रोगाचे चक्र फिरवत होता.

१३/
अपोलोला जो पुनरारंभ तारक ठरला, तोच स्पिरिटला मारक का ठरला? फरक एकच. अपोलोचा संगणक उठताना अनावश्यक ओझे मागे टाकून उठे. स्पिरिट उठताना तेच ओझे पुन्हा डोक्यावर घेई. अभियंत्यांना ही शंका आली, तेव्हा त्यांनी एक आज्ञा पाठवली : फ्लॅश स्मृतीकडे न पाहताच जागा हो. त्या अपंग अवस्थेत रोव्हर उठला, स्थिर राहिला आणि बोलू लागला. दार उघडले. मग शांतपणे माहिती उतरवून घेण्यात आली, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फ्लॅश स्मृती पुसून नव्याने बांधण्यात आली. ९० मंगळ-दिवसांच्या मोहिमेसाठी गेलेल्या त्या यंत्राचा शेवटचा संदेश मार्च २०१० मध्ये आला.

१४/
आता पृथ्वीवरच्या लेखकाकडे. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली काही साधने खुली केली; त्यांतून पीएचपी ही भाषा वाढली. २७ मे २००३ रोजी मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मिशेल वाल्द्रिघी यांची बी-टू ही ब्लॉगप्रणाली थांबल्यासारखी झाली होती. तिच्या मुक्त आज्ञावलीवर वर्डप्रेस उभे राहिले. लेखन प्रसिद्ध करण्यासाठी आता संपादकाची, छापखान्याची वा संगणकतज्ज्ञाची गरज उरली नाही. ही मोठी सांस्कृतिक घटना होती. पण छापखाना घरात आला, तशी छापखान्याची दुरुस्तीही घरात आली, आणि तिची तयारी फार थोड्या लेखकांची होती.

१५/
स्मृतीची मर्यादा मुळात ठेवली कोणी, आणि का? स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे शेजारी शेजारी राहतात. गावच्या गायरानात प्रत्येकाने मनाला येईल तेवढी गुरे सोडली, तर गवत कोणालाच उरत नाही. म्हणून मोजणी असते. पीएचपीतील स्मृतिमर्यादा ही तशी मोजणी आहे. एका आज्ञावलीच्या चुकीने शेजाऱ्यांची घरे बसू नयेत, हा तिचा हेतू. पीएचपी ५.२ येईपर्यंत ही मर्यादा मुळात ८ मेगाबाइट होती. त्या आवृत्तीत १६ झाली आणि ५.३ पासून १२८. वर्डप्रेसने २००८ मधील २.५ या आवृत्तीपासून स्वतःची मर्यादा ३२ मेगाबाइटपर्यंत नेण्याचा प्रयत्न सुरू केला. पहिल्या परिच्छेदातील आकडा तेथून आला.

१६/
मग स्मृती भरते कशाने? एक कारण छायाचित्र. गडाचा एखादा फोटो ४००० × ३००० बिंदूंचा असेल, तर संक्षिप्त रूपात त्याची फाइल तीन-चार मेगाबाइटांची असते. पण त्याची लहान प्रत काढण्यासाठी तो ओट्यावर पूर्ण उलगडावा लागतो. १ कोटी २० लाख बिंदू, प्रत्येकाला चार बाइट : ४ कोटी ८० लाख बाइट. ३२ मेगाबाइटांच्या ओट्यावर तो मावणार नाही. मात्र यामुळे एवढेच होते, की ते छायाचित्र चढत नाही; दार उघडे राहते. दार बंद करणारे कारण दुसरे आहे, ते म्हणजे प्लगइन. वर्डप्रेसला जोडलेले प्रत्येक कार्यरत प्लगइन प्रत्येक पान उघडताना स्मृतीत येते, व्यवस्थापन-कक्षाचे पान उघडतानाही.

१७/
येथे स्पिरिटची कथा अक्षरशः पुन्हा घडते. पीएचपीमध्ये प्रत्येक विनंती कोऱ्या ओट्यावर सुरू होते आणि संपताच ओटा पुसला जातो. म्हणून वाचक पान पुनःपुन्हा उघडून पाहतो, मालक पुनःपुन्हा प्रवेशाचा प्रयत्न करतो, आणि दर वेळी तीच प्लगइने त्याच क्रमाने येऊन तीच स्मृती भरतात. प्लगइन बंद करण्याचे बटण व्यवस्थापन-कक्षात. आणि कक्ष उघडायला ते प्लगइन स्मृतीत यावेच लागते. किल्ली आत ठेवून कुलूप लागावे, तशी ही स्थिती. पुष्कळदा वाचकांना मुखपृष्ठ नीट दिसत असते, कारण त्याची तयार प्रत साठवलेली असते. आणि बाहेरचे फक्त मालकाला राहावे लागते.

१८/
पांढरा पडदा हा दोष नव्हे. तो दोषाचे मौन आहे. चालू संकेतस्थळांवर त्रुटीचा मजकूर सहसा लपवलेला असतो, कारण त्यातून फाइलींचे मार्ग परक्याला कळतात. खरी ओळ सर्व्हरच्या त्रुटिनोंदीत मिळते, आणि ती काळजीपूर्वक वाचावी लागते. तिच्या शेवटी एका फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. अनेकजण त्याच फाइलीला गुन्हेगार ठरवतात. पण काठोकाठ भरलेला रांजण ज्या तांब्याने सांडला, त्यानेच तो भरला असे नव्हे. ती फाइल म्हणजे शेवटचा तांब्या. १२०२ ही खूण स्मृतीची होती आणि मूळ रडारमध्ये होते, हे येथे आठवावे.

१९/
त्या ओळीत आणखी एक आकडा असतो : शेवटी किती बाइट मागितले गेले. तो लक्षावधींत असेल, तर एखादी एकच प्रचंड वस्तू, बहुधा छायाचित्र किंवा अवाढव्य माहितीसंच, ओट्यावर येऊ पाहत होती. तो अवघा काही डझन बाइटांचा असेल, तर स्मृती हळूहळू, थेंबाथेंबाने भरली होती. आणि मर्यादा ६४ वरून १२८, १२८ वरून २५६ मेगाबाइट केल्यावरही त्याच ठिकाणी तीच ओळ येत असेल, तर बहुधा एखादी आज्ञा स्वतःलाच अखंड बोलावत आहे. तेथे कोणतीही मर्यादा पुरणार नाही. बुडाला भोक असलेला हौद मोठा केल्याने पाणी टिकत नाही.

२०/
यावरून दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. पहिली गोष्ट : काहीही पुसण्यापूर्वी फाइलींची आणि माहितीसंचाची प्रत काढणे. दुसरी : त्रुटिनोंद वाचणे, आणि दोष येण्याच्या लगेच आधी काय बदलले ते आठवणे, नवे प्लगइन, नवी थीम की नवी आवृत्ती. तिसरी : वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत स्मृतिमर्यादेची ओळ वाढवून पाहणे. होस्टिंगने घातलेली कमाल मर्यादा यापेक्षा कमी असेल, तर ही ओळ निष्फळ ठरते. चौथी, आणि निर्णायक : होस्टिंगच्या फाइल व्यवस्थापकातून वा एफटीपीने आत जाऊन प्लगइनांच्या फोल्डरचे नाव बदलणे.

२१/
नाव बदलताच वर्डप्रेसला प्लगइने सापडत नाहीत. ते त्यांच्याविना उठते आणि दार उघडते. फ्लॅश स्मृतीकडे न पाहता उठलेला स्पिरिट आणि प्लगइनांविना उठलेले संकेतस्थळ यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही. लेख सुरक्षित असतात, कारण ते माहितीसंचात असतात. प्लगइनांच्या मांडण्याही बहुधा तेथेच राहतात. पुढे फोल्डरला मूळ नाव देऊन एकेक प्लगइन पुन्हा चालू करावे आणि प्रत्येकानंतर पाहावे. ज्याने दार पुन्हा मिटले, तो दोषी. निदान त्याचा साथीदार. तरीही दार उघडले नसेल, तर हीच परीक्षा थीमची. हे काम कंटाळवाणे असते, पण यात अंदाजाला जागा नसते.

२२/
हे सारे सामान्य लेखकाला जड होते, हे वर्डप्रेसच्या निर्मात्यांनाही पटत गेले. घातक त्रुटी येताच दोषी प्लगइन आपोआप थांबवावे, अशी योजना ५.१ या आवृत्तीसाठी तयार झाली. पण ऐनवेळी ती मागे घेण्यात आली. शंका सुरक्षेची होती. मुद्दाम त्रुटी घडवून एखाद्याने पहारा देणारे प्लगइनच बंद पाडले तर? मालकासाठी उघडलेले दार चोरालाही उघडे राहता कामा नये. ७ मे २०१९ रोजी आलेल्या ५.२ या आवृत्तीत सुधारित योजना आली. त्रुटी घडली की मालकाच्या ईमेलवर एक गुप्त दुवा जातो. त्या दुव्याने आत येणाऱ्यापुरतेच दोषी प्लगइन थांबते, इतरांसाठी नाही. पत्ता जुना झालेला असेल, तर मात्र हा दुवा कोणाच्याच हाती पडत नाही.

२३/
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गरचनेचा एक नियम आहे : गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानावा, अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या राखाव्यात, आणि नेहमीच्या वाटेखेरीज बाकीच्या वाटा बंद ठेवाव्यात. संगणक रचणाऱ्यांना हा नियम दुसऱ्या मार्गाने, वेगळ्या किमतीला शिकावा लागला. गारमन यांची काचेखालची यादी, स्पिरिटला पाठवलेली ती एक आज्ञा, फोल्डरचे बदललेले नाव, ईमेलमधील गुप्त दुवा : या सर्व चोरदिंड्याच. त्यांतील प्रत्येक मुख्य दरवाज्यावर अवलंबून नव्हती, म्हणूनच उपयोगी पडली.

२४/
आज शेकडो लेखकांचे गड, लेण्या, बखरी आणि वाड्यांविषयीचे लेखन कागदावर कोठेही नाही. ते फक्त अशा संकेतस्थळांवर आहे. ते नष्ट होण्यासाठी परचक्र यावे लागत नाही. एक जड प्लगइन, मालकाच्या हाती नसलेला होस्टिंगचा पासवर्ड आणि जुना ईमेल पत्ता, एवढे पुरते. लेखन सर्व्हरवर शाबूत असते, पण मालक कंटाळून नूतनीकरणाचे पैसे भरत नाही, आणि एका वर्षाने ते खरोखर नाहीसे होते. म्हणून दार उघडे असतानाच चोरदिंडी तपासून ठेवावी : प्रत दुसरीकडे, पासवर्ड वहीत, पत्ता चालू. स्मृती संपणे हा यंत्राचा स्वभाव आहे. लेखन त्याच्याबरोबर संपलेच पाहिजे, असे नाही.